आधी खोकं ठेवून पाह्य

सरांच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा ओट्याशेजारी माणसाएवढं पुठ्ठ्याचं खोकं उभं होतं आणि त्यावर खडूनं 'फ्रिज' असं लिहिलेलं होतं. मी वरची खोली भाड्यानं घ्यायला आले होते, अमरावतीत नवी होते, चांगलं दिसावं म्हणून म्हटलं, "अरे वा, नवीन फ्रिज?" काकूंनी पोळी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे न बघताच सांगितलं, "आत काही नाही त्याच्यात. यायची तालीम चालू आहे."

तालीम म्हणजे अशी. फ्रिज घेतला तर तो अंगावर येईल का, दार उघडताना मिक्सरला लागेल का, काकूंना वाकताना त्रास होईल का, हे सगळं आधी कळावं म्हणून सरांनी दुकानातून रिकामं खोकं मागून आणलं होतं. चाकूनं त्याला दार पाडलं होतं. दूध, दही, भाजी त्यातच ठेवायची आणि त्यातूनच काढायची असा हुकूम होता. अमरावतीचा उन्हाळा तो! दुसऱ्याच दिवशी दूध नासलं. काकू भांडं घेऊन सरांसमोर उभ्या राहिल्या, तर सर म्हणाले, "लाईन गेली होती असं समज."

महिनाभरानं निकाल लागला. दार चुकीच्या हाताला उघडतं, सबब फ्रिज नको. पुढल्या वर्षी सर एका लग्नाला धामणगावला गेले, तेवढ्यात काकूंनी फ्रिज आणून त्याच जागी उभा केला. सर परत आले, फ्रिजभोवती फिरले, हात लावून पाहिला आणि म्हणाले, "खोक्यापेक्षा रुंद आहे हा." बास. पुढे त्यातलं थंड पाणी सगळ्यात जास्त तेच प्यायचे.

सर पॉलिटेक्निकात मशीन ड्रॉइंग शिकवायचे. बारीक अंगाचे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात कायम खडू, त्यामुळे खिसा आतून-बाहेरून पांढरा. त्यांच्याकडे शिकलेली पोरं सांगायची की वर्कशॉपमध्ये नवीन मशीन यायची असली की सर आधी जमिनीवर खडूनं ती पूर्ण आकारात काढत आणि मशीन येईपर्यंत पोरांना त्या रेघांच्या बाहेरूनच वावरायला लावत. कोणाचा पाय आत पडला की ओरडत, "गेला तुया पाय!" वर्कशॉपसाठी हे शहाणपणाचंच होतं म्हणा. भानगड अशी झाली की सरांनी ते घरी आणलं.

कोणीही काहीही विचारायला आलं, मुलीचं स्थळ असो की घरावर मजला चढवायचा असो, सरांचं उत्तर ठरलेलं. "आधी खोकं ठेवून पाह्य. मंग ठरव." आमच्या राजापेठ भागात निम्म्या लोकांना हे वाक्य पाठ होतं. काकू म्हणायच्या, "लग्नाच्याही आधी तालीम करतो म्हनले असते हे. माह्या बापानं दारात उभं केलं नसतं."

एकदा त्यांच्या मनात कार आली. पोर्चमध्ये पुढे दोन, मागे दोन अशा चार खुर्च्या मांडल्या, भोवती खडूची रेघ ओढली, आणि रोज संध्याकाळी आम्ही त्या कारमध्ये बसायचो. सर उजवीकडे पुढे. त्यांच्या शेजारी काकू, मांडीवर मेथी निवडत. मागे मी आणि सरांची मुलगी. ती तेव्हा अकरावीत होती, आणि लाजेनं तोंडासमोर पुस्तक धरून बसायची. गेटबाहेरून ट्यूशनची पोरंपोरी गाड्यांवर चाललेली असायची. एखादा थांबून विचारायचा, "कुठी चालले सर?" सर गंभीरपणे सांगायचे, "अजून ठरलं नाही." आठवडाभरानं त्यांनी खुर्च्या आत नेल्या. म्हणाले, "इतके दिवस बसलो, पण कुठी जायाचं थेच सुचलं नाही. कार कायले पाहिजे?"

आता यावर हसावं की विचार करावा, मला अजून कळलेलं नाही.

रिटायर व्हायच्या वर्षभर आधी त्यांनी लांब रजा टाकून रिटायरमेंटचीही तालीम केली. सकाळी उठून काकूंच्या मागे मागे फिरायचे, डाळीत मीठ कधी टाकतेस, का टाकतेस, असं विचारायचे. शेवटी काकूंनी स्वतः प्राचार्यांना फोन केला. "सायेब, यायले बोलावून घ्या. मी राजीनामा देईन नाही तं."

शिक्षण संपवून मी अकोल्याच्या एका ऑइल मिलमध्ये केमिस्ट म्हणून लागले आणि राजापेठ सुटलं. पण काकूंचा फोन असायचा. त्यांच्याकडूनच मला सगळ्यात मोठ्या तालमीची बातमी कळली. मुलीला कॅनडात शिकायला जायचं होतं. सर तिला नाही म्हणाले नाहीत. पंधरवडाभर तिला माझ्या जुन्या खोलीत, वर, ठेवलं आणि जाहीर केलं की हे कॅनडा. भेटायचं नाही. खाली उतरायचं नाही. बोलायचं ते फोनवर, आणि तेही तिथल्या घड्याळाप्रमाणे. जेवण तेवढं काकू बादलीत ठेवायच्या आणि पोरगी गच्चीवरून दोरीनं ओढून घ्यायची. "कॅनडात बादली असते काय?" असं सरांनी एकदा विचारलं म्हणे, तर काकूंनी पोळपाट आपटला, मग पुन्हा विचारलं नाही.

त्या पंधरवड्यात सर नीट जेवले, नीट झोपले, रोजचा पेपर वाचला. शेवटच्या दिवशी म्हणाले, "जमलं मले. जाऊ द्या पोरीले." आणि मुलगी खरोखरच गेली.

तर अशा माणसाकडे मी माझा प्रश्न घेऊन गेले. आता सांगते, मला दुसरं कोणी नव्हतं असं नाही. पण बाकी सगळे उत्तर आधी द्यायचे आणि प्रश्न नंतर ऐकायचे.

माझा प्रश्न असा. मिलमध्ये मी सात वर्षं सरकीच्या आणि सोयाबीनच्या तेलाचे नमुने तपासत होते. केसांना तो वास कायमचा. माल चांगला की खराब हे मी सांगायची, आणि घ्यायचा की परत पाठवायचा हे दुसरंच कोणी तरी केबिनमध्ये बसून ठरवायचं, पुष्कळदा माझ्या रिपोर्टच्या उलटं. मला त्या केबिनमध्ये जायचं होतं. त्यासाठी एमबीए. परीक्षा दिली, पुण्याच्या एका कॉलेजात फुलटाईम जागा मिळाली. दोन वर्षं, नोकरी सोडून, नवऱ्याला अकोल्यात ठेवून. नाही तर इथेच अमरावतीला पार्टटाईम. तीन वर्षं, शनिवार-रविवार, नोकरी चालू. नवरा बार्शीटाकळीच्या शाळेत मास्तर, तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." इतका राग आला मला त्याचा! अरे, मी काय म्हणते तेच तर मला कळत नव्हतं. आणि पुण्याचं कॉलेज काही माझ्यासाठी थांबणार नव्हतं. त्यांची शेवटची तारीख महिन्या-दीड महिन्यावर होती.

सरांनी सगळं ऐकलं. खिशातला खडू काढून बोटांत फिरवला. मला काय ऐकायला मिळणार हे मला माहीत होतं.

"दोन्ही खोकी ठेवून पाहू."

आधी पार्टटाईम. शुक्रवारपर्यंत मिल, शनिवारी पहाटेची एसटी, मूर्तिजापूर येईपर्यंत डुलकी, आणि दहाला सरांच्या वरच्या खोलीत हजर. सरांना मॅनेजमेंटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी मला दोन्ही दिवस बॉयलर शिकवला. मी म्हटलं, "सर, याचा काय संबंध?" तर म्हणाले, "विषयाचा प्रश्न नाही. बसता येते का नाही, थे पाहून राहिलो." हजेरी घ्यायचे. "रोल नंबर एक?" खोलीत मी एकटी. "प्रेझेंट सर." खालून काकूंचं हसू ऐकू यायचं. छताचा जुना पंखा टक् टक् वाजायचा, तो मी राहत होते तेव्हाही वाजायचा, आणि दुपारी त्या आवाजानं माझी मान कलंडायची. रविवारी संध्याकाळी परत अकोला, सोमवारी मिल. तिसऱ्या आठवड्यात नवरा जेवताना काही तरी सांगत होता आणि मी घास हातात धरून झोपले. भाजी गार झाली तरी तो बिचारा उठवेना.

मग फुलटाईम. मी मिलमधून रजा काढली आणि पंधरवड्यासाठी वरच्या खोलीत राहायला आले. सरांनी दारावर खडूनं 'पुणे' लिहिलं. राजापेठेतल्या मैत्रिणींकडे जायचं नाही, गिला वडा खायचा नाही, कारण पुण्याला तो मिळत नाही. नवऱ्याशी फोनवर बोलायचं. दिवसभर पुस्तकं. खरं सांगते, मला मजा आली. वाचलेलं डोक्यात राहत होतं. केसांचा वास गेला. नवऱ्याची आठवण यायची, पण सोसवेल इतकीच. मला वाटायला लागलं, हे तर काहीच नाही.

एकच गोष्ट विचित्र होती. एका सकाळी मी वाचत बसले होते, तर सर जिना चढून आले आणि हातात वाजणारा फोन घेऊन दारात अवघडून उभे राहिले. "पोरीचा आहे," म्हणाले. "तिचा मी... वरच घेतो." मी गच्चीत जाऊन उभी राहिले. आत सर माझ्या पलंगावर बसून थंडी किती, जेवली काय, असलं बोलत होते. मला वाटलं, वर रेंज चांगली येत असेल.

मग रविवार आला आणि नवरा अकोल्याहून डबा घेऊन हजर झाला. वांग्याचं भरीत आणि भाकरी, स्वतः केलेली, एका बाजूनं करपलेली. सरांनी त्याला गेटवरच अडवलं. मी खिडकीतून सगळं बघत होते.

"कुठी?"

"डबा द्यायला आलो सर, तिला."

"पुण्याले असा कोणी डबा घेऊन येते काय? परत जा."

नवरा खरोखर वळला हो! मास्तर माणूस, सांगितलेलं ऐकायची सवय. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. "काहून परत जाईन थो? उन्हात आला पोरगा. तुमी तुमच्या पुण्यात बसा. माह्या सैपाकघरात अमरावतीच हाये." आणि त्याला मागच्या दारानं आत घेऊन गेल्या. सरांनी एवढंच बजावलं की त्यानं वर जायचं नाही आणि मी खाली यायचं नाही. नियम म्हणजे नियम.

म्हणजे बघा, नवरा खाली जेवत होता आणि मी वर होते. काकूंनी डब्यातलं अर्धं बादलीत घालून मला पाठवलं. त्याचा फोन आला, "मीठ बरोबर आहे का?" मला त्याचा आवाज फोनमधूनही येत होता आणि जिन्यातूनही. मी चिडून खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. खाली काय झालं ते मला नवऱ्यानं मागून सांगितलं. तो घास चावत, छताकडे बघत होता. सरांना म्हणाला, "आता ती खिडकीकडे गेली. रागावली की खिडकीकडे जाते ती. आता वळली बघा." आणि हसला. सर त्याच्याकडे बघत राहिले, मग छताकडे. हातातली वाटी ठेवून उठले.

जिन्यावर पावलं वाजली. सर आले. दारावरचं 'पुणे' त्यांनी तळहातानं पुसून टाकलं.

"उतर खाली. तालीम बंद."

"काहून सर? अजून दिवस आहेत. मला जमून राहिलं."

"हेच तं." ते पलंगावर बसले. पंखा टक् टक् वाजत होता. "मलेही जमलं होतं. पोरगी इथं होती, मी खालती होतो. पंधरा दिवस तिचे पाय वाजून राहिले माह्या डोक्यावर. आता उठली, आता आंघोळीले गेली, आता फिरून फिरून वाचून राहिली. मी मस्त पेपर वाचो. मले वाटे, पोरगी दूर गेली अन् मी ठीक आहो. अवं, कुठी गेली होती थे? थे तं घरातच होती!" त्यांनी खडूचा हात पँटला पुसला. "विमानात बसवून आलो. पेपर घेतला. अन् वरते काहीच वाजे ना. तवा समजलं मले, म्या कायची तालीम केली थे."

मी या माणसाला इतकी वर्षं हसत आले होते. त्या दिवशी मी मूर्खासारखं विचारलं, "मग मी काय करू सर?"

"मले काय माहीत! तुले इथं जमलं म्हणून तिथं जमन असं समजू नको, एवढंच. लय जड जाईन. तुले बी अन् त्याले बी. थे धरून ठरव. अन् मले इचारू नको."

खोकं ठेवायला न सांगता त्यांनी परत पाठवलेली मी बहुधा पहिलीच.

अकोल्याच्या एसटीत आम्ही दोघं शेजारी बसलो. डबा त्याच्या मांडीवर. बडनेरा मागे पडलं. मग तो म्हणाला, "पार्टटाईममध्ये तू शनिवार-रविवार नव्हतीच. बाकीचे दिवस होतीस, पण झोपेत. तीन वर्षं तशी राहशील. त्यापेक्षा जा पुण्याला. जड जाईल. पण दोन वर्षांनी पूर्ण परत येशील."

"आणि तुम्ही?"

"मी भाकरी शिकतो," तो म्हणाला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला नाही आवडणार." तो 'तू म्हणशील तसं' म्हणाला नाही, याचंच मला एवढं बरं वाटलं की मी तिथेच ठरवलं. सोमवारी मिलमध्ये राजीनामा दिला. मालक म्हणाले, विचार करा. म्हटलं, झाला.

पुण्यातले पहिले महिने वाईट गेले. सर म्हणाले होते त्याहून वाईट. वर्गात सगळे माझ्याहून लहान, होस्टेलच्या खोलीत माझं माझ्याशी भांडण, आणि नवऱ्याच्या फोनमागे घर इतकं शांत की मला फोन ठेवावासा वाटायचा. पण हे असंच होणार आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी पळून आले नाही. तालमीत पास होऊन गेले असते तर दिवाळीलाच परत आले असते.

रविवारी मी सरांना फोन करायची. ते उचलायचे, म्हणायचे, "थांब जरा," मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू यायचा, मग पलंगाची करकर. "हं, बोल आता." मागे पंखा टक् टक्. मी काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "पोरीचा आला का वरते, तुया आला का वरते. खालती बोलतच नाहीत. म्हणतात, वरूनच आवाज आला पाहिजे."

एमबीए होऊन आता बरेच दिवस झाले. मी परत अकोल्यात आहे, दुसऱ्या कंपनीत. खरेदी मी बघते, आणि माल घ्यायचा की परत पाठवायचा हे माझ्याच केबिनमध्ये ठरतं. नवऱ्याची भाकरी आता दोन्ही बाजूंनी सारखी भाजली जाते.

परवा काकूंचा फोन आला. सरांचे गुडघे गेलेत, डॉक्टरनं जिना चढायला सक्त मनाई केली आहे, पण ऐकतील तर शपथ. "अवं, पोरीचं समजलं. तू अकोल्याची! अकोल्याचा फोन घ्याले वरते कायले जा लागते? तूच सांग यायले."

रविवारी मी फोन लावला. "थांब जरा," सर म्हणाले. मी थांबले. खूप वेळ लागला.

"हं. बोल आता."

"सर, डॉक्टरनं तुमचा जिना बंद केला म्हणे."

"हो, बंदच आहे. खालतीच बसलो आहो मी."

त्यांना धाप लागली होती. मागे टक् टक् चालू होतं.

"बरं केलं सर," मी म्हटलं. मग उठले, दाराजवळच्या चपला पायात घातल्या आणि बोलता बोलता घरात फेऱ्या मारायला लागले, खिडकीपर्यंत आणि परत, जरा पाय आपटतच. नवरा पेपरवरून बघायला लागला. सर काही तरी सांगत होते ते मध्येच थांबले.

"काय वाजून राहिलं?"

"काही नाही सर," मी म्हटलं. "मी चालून राहिली."